‘नाइस’ म्हणजे काय? – अर्ध्या गुणाची गोष्ट



आज एका इंग्रजी शब्दाबद्दल लिहायचे आहे. शब्द अगदी साधा, बालवाडीतल्या पोरालाही येणारा. ‘नाइस’. आपण वह्या तपासताना लाल पेनने तो लिहितो आणि शेजारी एक चांदणी काढतो. कोणी फोटो पाठवला की उत्तरात तोच शब्द टाकतो. त्याचा अर्थ कोणी विचारला, तर आपण डोळे मिटून सांगू – ‘छान’. मीही वीस वर्षे तेच सांगत आले. एका अर्ध्या गुणामुळे माझी ही सवय मोडली. ती गोष्ट आधी सांगते, मग मुद्द्याकडे येऊ.

अर्धा गुण

सहावीची घटक चाचणी होती. पहिलाच प्रश्न नेहमीचा – ‘खालील शब्दांचे अर्थ लिहा’. दहा शब्द, प्रत्येकी अर्धा गुण. त्यात ‘नाइस’ हा शब्द मी मुद्दाम सोपा म्हणून घातला होता; म्हटलं, मागच्या बाकावरच्यांनाही अर्धा गुण मिळू दे. एका मुलीने त्यापुढे लिहिले होते – ‘बारीक, काटेकोर’. मी फुली मारली आणि पुढच्या पेपरकडे वळले. फुली मारायला एक सेकंदसुद्धा लागला नसेल.

दोन दिवसांनी तिचे आजोबा शाळेत आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना, पुठ्ठा सुटलेला इंग्रजी-मराठी शब्दकोश. मला वाटलं, आले गुण वाढवून मागायला. ते म्हणाले, “बाई, गुणांसाठी आलो नाही. फक्त हे पान बघा.” पानावर ‘नाइस’पुढे पाच-सहा अर्थ होते. चोखंदळ, काटेकोर, सूक्ष्म, नाजूक आणि मग छान, रुचकर वगैरे.

मी माझी बाजू सावरायला म्हणाले, “आजोबा, बरोबर आहे तुमचं, पण आपल्या पाठात तो अर्थ नाही ना!”

ते शांतपणे म्हणाले, “पण बाई, प्रश्नात पाठ कुठे होता? नुसता शब्दच होता की.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. खरं सांगायचं तर आजही नाही. मी तिला तो अर्धा गुण दिला. पण वर्गात सगळ्यांसमोर ‘माझं चुकलं’ म्हणायला मला चार दिवस लागले, आणि तोपर्यंत व्हायचे ते होऊन गेले होते. वार्षिक परीक्षेत त्या मुलीने प्रत्येक शब्दाचा अर्थ गाइडमधला लिहिला, अगदी अक्षरन् अक्षर. तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले. घरचा शब्दकोश उघडून बघणारी मुलगी मी गाइडवर आणून ठेवली होती.

तेव्हापासून मी या शब्दाच्या मागे लागले. जे सापडले ते आपल्या सगळ्यांच्या उपयोगाचे आहे असे वाटते, म्हणून हा लेख.

अजाण ते छान : एका शब्दाचा प्रवास

‘नाइस’चे मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘ने’ म्हणजे नाही आणि ‘स्किरे’ म्हणजे जाणणे. त्यावरून ‘नेस्किउस’ हा शब्द झाला. अर्थ – ज्याला ठाऊक नाही तो, अजाण. गंमत बघा, याच ‘स्किरे’पासून ‘सायन्स’ हा शब्दही आला. म्हणजे आपल्या वेळापत्रकातला ‘सायन्स’ आणि वहीवरचा ‘नाइस’ हे एकाच घरचे. एकाच्या नावात जाणणे आणि दुसऱ्याच्या नावात न जाणणे!

लॅटिनमधून हा शब्द जुन्या फ्रेंचमध्ये गेला. तिथे त्याचा अर्थ होता बावळट, मूर्ख. पुढे १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. दरबार, कोर्ट-कचेरी, मेजवान्या सगळीकडे फ्रेंच बोलणारी मंडळी आली आणि पुढच्या दोन-तीन शतकांत हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले. त्यांत हाही आला. पुढचा प्रवास थोडक्यात असा मांडता येईल :

– सुमारे १३०० च्या आसपास : मूर्ख, अजाण. चौदाव्या शतकातल्या चॉसर या कवीच्या लेखनात हा शब्द या अर्थाने येतो.
– त्यानंतरच्या काळात : छचोर, नखरेल, आणि हळूहळू नाकं मुरडणारा, फार चोखंदळ.
– सोळावे-सतरावे शतक : काटेकोर, सूक्ष्म, नाजूक. याच काळात ‘क्षुल्लक’ असाही अर्थ होता. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये एक पत्र पोचत नाही, तेव्हा धर्मगुरू म्हणतो की ते पत्र ‘नाइस’ नव्हते. त्याला म्हणायचे असते, ते साधेसुधे, किरकोळ पत्र नव्हते. फार महत्त्वाचे होते.
– अठराव्या शतकाचा उत्तरार्ध : सुखद, छान. म्हणजे आपला आजचा अर्थ.

मूर्खपासून छानपर्यंत! तुम्ही म्हणाल, हे कसं शक्य आहे? आपलाच ‘चोखंदळ’ शब्द घ्या. “आमच्या यांचं खाण्यात फार चोखंदळ असतं हो” असे एखादी गृहिणी कपाळाला हात लावून म्हणते, तेव्हा ती तक्रार असते. “चोखंदळ वाचकांसाठी” असे पुस्तकाच्या जाहिरातीत लिहितात, तेव्हा ती स्तुती असते. शब्द तोच, अर्थही जवळपास तोच. बोलणाऱ्याच्या मनातली नापसंती तेवढी पसंतीत बदलते. ‘नाइस’चेही बरेचसे असेच झाले. नाकं मुरडणारा तो बारकाईने बघणारा, बारकाईने बघणारा तो चांगल्या अभिरुचीचा, आणि अशा माणसाला जे आवडेल ते छान. एकेक पायरी छोटीच आहे. पण पाचशे वर्षांच्या पायऱ्या मोजल्या तर माणूस दुसऱ्याच गावात पोचतो.

आणि जुने अर्थ सगळेच मेले असेही नाही. इंग्रजीत आजही दोन गोष्टींमधल्या अगदी बारीक फरकाला ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणतात. म्हणजे आमच्या सहावीतल्या मुलीचा अर्थ आजही चालू आहे. त्या वर्गात तो ठाऊक नसलेली व्यक्ती एकच होती, आणि लाल पेन तिच्या हातात होते.

‘खरा अर्थ’ नावाचा सापळा

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण आपण शिक्षक मंडळी लगेच दुसऱ्या टोकाला जातो. ‘नाइस’चा मूळ अर्थ ‘मूर्ख’ आहे हे कळले की स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणणारच, “अरे, मग आपण इतकी वर्षं चुकीचाच वापरत होतो!” मोबाइलवरही असे संदेश फिरत असतात – ‘या शब्दाचा खरा अर्थ ऐकाल तर थक्क व्हाल’.

नाही हो. मूळ अर्थ म्हणजे खरा अर्थ नव्हे. तो फक्त जुना अर्थ.

जेन ऑस्टिनची ‘नॉर्दँगर ॲबी’ ही कादंबरी तिच्या मृत्यूनंतर १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. त्यात एक मजेदार प्रसंग आहे. कॅथरिन नावाची तरुण मुलगी एका पुस्तकाला ‘नाइस’ म्हणते. हेन्री टिल्नी हा हुशार तरुण तिची थट्टा करतो. पुस्तक ‘नाइस’ म्हणजे काय, त्याची बांधणी नीटनेटकी आहे का? हल्ली लोक काहीही झालं की हाच एक शब्द वापरतात, पूर्वी तो कसा नेमका होता, असा त्याचा सूर असतो. गंमत अशी की हेन्री ज्याला आधीचा, योग्य अर्थ समजतो, तो नीटनेटका, नाजूक हा अर्थसुद्धा मधल्याच एका थांब्यावरचा. त्याआधी दोन-चार अर्थ होऊन गेले होते. चॉसर तिथे असता तर त्याने हेन्रीचीही थट्टा केली असती.

म्हणजे आपण ज्याला ‘शुद्ध’ म्हणून धरून बसतो, तोही कधीकाळचा बदलच असतो. आज मुलांच्या तोंडी एखादा शब्द नव्या अर्थाने ऐकू आला की आपल्या कपाळावर आठ्या येतात. तेव्हा हेन्री आठवावा.

याच्या नेमका उलटा प्रवास ‘सिली’ या शब्दाचा. आपण मुलांना ‘सिली मिस्टेक’ म्हणून ओरडतो ना, तोच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता सुखी, देवाची कृपा असलेला. जर्मन भाषेत त्याचा भाऊबंद ‘झेलिश’ आजही त्याच चांगल्या अर्थाने वापरतात. इंग्रजीत मात्र भाग्यवान, मग निष्पाप, मग बिचारा, मग दुबळा आणि शेवटी मूर्ख असा तो घसरत आला. एक शब्द मूर्खपणाकडून निघाला आणि छानपाशी पोचला, दुसरा भाग्याकडून निघाला आणि मूर्खपणापाशी.

आपल्याच घरातली उदाहरणे

हे फक्त इंग्रजीचे वेड आहे असे समजू नका. आपल्या मराठीत बघा.

‘शिक्षा’ हा शब्द घ्या. संस्कृतात त्याचा अर्थ शिकणे, शिकवणे. तैत्तिरीय उपनिषदाच्या एका भागाचे नावच शीक्षावल्ली आहे. हिंदीत आजही शिक्षा म्हणजे शिक्षण. आणि मराठीत? मराठीत शिक्षा म्हणजे अंगठे धरून उभे राहणे! शिकवणे आणि दंड देणे या दोन गोष्टी आपण इतकी वर्षे एकत्र नांदवल्या, की शब्दाने दुसरीचेच नाव घेतले. शिक्षक म्हणून या शब्दापाशी थोडा वेळ थांबावे असे मला नेहमी वाटते.

‘मृग’ म्हणजे आपल्याला हरिण. पण संस्कृतात तो कोणत्याही रानातल्या जनावरासाठी होता. म्हणून तर सिंहाला मृगेंद्र म्हणतात. तो काही हरणांचा राजा नव्हे. आता आश्चर्य बघा. इंग्रजी ‘डिअर’ म्हणजे हरिण. पण जुन्या इंग्रजीत त्याचाही अर्थ होता जनावर. जर्मनमध्ये त्याचा भाऊबंद ‘टीअर’ आजही जनावर याच अर्थाने आहे. दोन भाषा, हजारो मैलांचे अंतर आणि शब्दाची वाट तीच.

‘तेल’ हा शब्द तिळावरून आला. म्हणजे तेल म्हणजे तिळाचेच. आज आपण शेंगदाण्याचे तेल, खोबरेल तेल, अगदी मातीचे तेलही म्हणतो आणि कोणालाही त्यात खटकत नाही. ‘राग’ म्हणजे मुळात रंग, ओढ. ‘अनुराग’मध्ये तो अजून प्रेमळ आहे, गवयाच्या गळ्यात सुरेल आहे आणि आपल्या नाकावर बसला की रागच आहे. ‘दादा’ घरात मोठा भाऊ असतो, नाक्यावर मात्र वेगळाच कोणीतरी.

यातला कोणता अर्थ बरोबर? मुलांना विचारा. ती लगेच म्हणतील, “बाई, वाक्य सांगा ना आधी!” बघा, त्यांना हे येते. मराठीत ती हे रोज करतात. दूध सांडल्यावर आई “वा, छान!” म्हणाली तर कोणतेही पोर खूश होऊन आणखी दूध सांडत नाही, गुपचूप फडके शोधते. ‘छान’चा तो अर्थ कोणत्या गाइडात आहे? मराठीत ज्यांना इतकी बारीक समज आहे, त्याच मुलांना इंग्रजीच्या तासाला आपण सांगतो – शब्द एक, अर्थ एक, पाच वेळा लिहून आणा.

माझे म्हणणे एवढेच आहे. शब्दाचा अर्थ वाक्यात असतो आणि आपली शब्दार्थाची वही मुलांना नेमके हेच विसरायला लावते.

“बाई, वेळ कुठे आहे?”

ही तक्रार मला ठाऊक आहे, कारण मीच ती सगळ्यात जास्त केली आहे. वर्गात पन्नास मुले, अभ्यासक्रम संपवायचा, त्यात चाचण्या आणि ऑनलाइन माहिती भरणे. शब्दार्थाचा प्रश्न तपासायला सोपा, म्हणून तो टिकला आहे. आणि सुरुवातीच्या इयत्तांत एका शब्दाला एक अर्थ पाठ असणे काही वाईट नाही; कुठूनतरी सुरुवात करावीच लागते. पहिलीच्या मुलाला चॉसर सांगा असे मी म्हणत नाही. स्पर्धा परीक्षांतही शब्दार्थ येतातच, तेव्हा पाठांतर सोडून द्या असेही माझे म्हणणे नाही.

पण पाचवीपासून पुढे, जास्तीचा वेळ न घालवता, काही बदल सहज होतात. मी करून बघितलेले चार सांगते.

१. प्रश्नात शब्द एकटा देऊ नये. ‘खालील वाक्यांतील अधोरेखित शब्दांचे अर्थ लिहा’ एवढाच बदल. तपासायला तेवढाच वेळ लागतो आणि आजोबांना शब्दकोश घेऊन यावे लागत नाही.

२. शब्दार्थाच्या वहीत तिसरा रकाना आखावा. शब्द, अर्थ आणि ‘कुठे भेटला’. म्हणजे तो शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य. तोच शब्द दुसऱ्या वाक्यात वेगळ्या अर्थाने भेटला की त्याच ओळीखाली लिहायचा. माझ्या वर्गात ‘बँक’ हा शब्द पैशांची बँक आणि नदीचा काठ असा दोनदा भेटला, तेव्हा मुलांना कोण आनंद झाला होता!

३. फुली मारण्याआधी विचारावे – “हे कुठे वाचलंस?” निम्म्या वेळा उत्तर येते, “असंच लिहिलं.” मग फुली मारा. पण उरलेल्या वेळी एखादी टीव्हीवरची मालिका, मोठ्या भावाचे पुस्तक किंवा आजोबांचा शब्दकोश निघतो.

४. महिन्यातून एका शब्दाची गोष्ट सांगावी. दहा मिनिटे पुरतात. ‘मीट’ म्हणजे मटण हे मुलांना ठाऊक असते. मग मिठाईच्या जुन्या दुकानाच्या पाटीवर ‘स्वीटमीट’ का लिहिलेले असते? मुले खो खो हसतात. मग सांगायचे, की ‘मीट’ म्हणजे पूर्वी कोणतेही अन्न, खाण्याची कोणतीही वस्तू. पुढे तो शब्द मांसापुरता आक्रसला, पण मिठाईच्या नावात जुना अर्थ अडकून राहिला. ‘गर्ल’ हा शब्द सुरुवातीला मुलगा किंवा मुलगी दोघांसाठी वापरत, हे सांगितले की वर्गातल्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. असा शब्द मूल पुन्हा विसरत नाही. पाच वेळा लिहिलेला विसरते.

पालकांशी दोन शब्द

पालकहो, तुम्ही कौतुकाने पाहुण्यांसमोर मुलाला विचारता, “सांग बरं, अमुकचं मीनिंग काय?” त्याऐवजी एकदा विचारून बघा, “हा शब्द घालून एक वाक्य सांग.” मूल अडखळेल, चुकेलही. चालेल. अर्थ पाठ असणे आणि शब्द वापरता येणे यातला फरक तुम्हाला तिथेच दिसेल.

घरात शब्दकोश असेल तर तो कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवू नका. मोबाइलमध्ये शब्द शोधता तेव्हा पहिला अर्थ बघून बंद करू नका. खाली सरकवा, आणखी तीन-चार अर्थ असतात. आणि घरात आजी-आजोबा असतील तर मुलांना त्यांच्याकडे पाठवा. ‘फटफटी’, ‘बंब’, ‘आणा’ असे शब्द त्यांच्या बोलण्यात कसे येत होते, कोणते शब्द आता वेगळ्या अर्थाने ऐकू येतात, हे त्यांना विचारू दे. शब्द कसा बदलतो हे शिकवायला यापेक्षा चांगले पुस्तक नाही.

मुलाच्या पेपरवर तुम्हाला पटत नसलेली फुली दिसली, तर शाळेत जरूर या. पण आमच्या त्या आजोबांसारखे या. गुण मागायला नाही, पान दाखवायला. आम्ही शिक्षकही माणसेच आहोत. आमचेही चुकते, आणि पान दाखवले तर कळतेही.

शेवटी पुन्हा ‘नाइस’कडे. हेन्री टिल्नीची एक तक्रार मात्र मला पटते. हा शब्द इतका वापरून वापरून आता गुळगुळीत झाला आहे की त्यातून मुलाला काहीच कळत नाही. निबंध नाइस, चित्र नाइस, प्रयोगवहीही नाइस. म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे. वहीवर ‘नाइस’ लिहिले की त्यापुढे मराठीत एक ओळ लिहायचीच. ‘पावसाचे वर्णन वाचताना मला माझे गाव आठवले.’ ‘आकृतीला नावे नीट दिली आहेस.’ पन्नास वह्यांना जमत नाही, खरे आहे. रोज दहा वह्यांना जमते. आठवड्यात सगळी मुले होतात.

ती मुलगी आता दुसऱ्या शाळेत आहे. जायच्या आधी तिच्या शेवटच्या वहीवर मी लिहिले होते – ‘नाइस’. आणि पुढे मराठीत, ‘तुझ्या अर्थाने.’ ती वाचून हसली. आजोबांचा शब्दकोश तिने पुन्हा उघडला असेल, अशी आशा आहे.